कँटोनीजमध्ये काळ नाही, लिंग नाही, मग ऑटिस्टिक दिराचं 'ग्रामर' चुकतं म्हणजे नेमकं काय?

आधी प्रश्न थोडक्यात लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. ताई हाँगकाँगमध्ये राहतात, नवरा तिथलाच, घरात सगळे कँटोनीज बोलतात. दीर सत्ताविशीतला, ऑटिस्टिक, नोकरी करतो, गप्पाही मारतो. पण सासूबाई आणि नवरा सारखं म्हणतात की त्याचं ग्रामर चुकतं, तो विचित्र बोलतो. ताई स्वतः सध्या कँटोनीज शिकतायत आणि क्लासमध्ये त्यांना सांगितलंय की या भाषेत काळ नाही, लिंग नाही, अनेकवचन नाही, क्रियापद कधी बदलतच नाही. मग चुकायला आहेच काय, असा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा, घरात सगळ्यात जास्त त्यांना दिराचंच बोलणं कळतं, हे कसं? परवा जेवताना तो "माझ्यापेक्षा उंच" अशा अर्थाचं काहीतरी बोलला आणि सासूबाईंनी लगेच तेच वाक्य उलटसुलट करून त्याला परत म्हणायला लावलं, तो गप्प झाला, आणि ताईंना वाईट वाटलं. आणि शेवटचा प्रश्न, या वयात स्पीच थेरपीचा काही उपयोग असतो का.

मी स्पीच थेरपिस्ट आहे, मुंबईत शिकले, पण कामाची बरीच वर्षं हाँगकाँगमध्ये गेली आणि त्यातलं बरंचसं काम मोठ्या वयाच्या ऑटिस्टिक लोकांबरोबर झालंय, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, वेळ काढून वाचा.

एक आधीच सांगते. तुमच्या दिराला मी ऐकलेलं नाही, आणि न ऐकता कुणाच्या भाषेबद्दल निकाल देऊ नये. तो लहानपणी उशिरा बोलायला लागला का, शाळा कुठल्या माध्यमाची होती, ऐकू नीट येतं का, घरात अजून कुठल्या भाषा होत्या, निदान कितव्या वर्षी झालं, या प्रत्येक गोष्टीने उत्तर बदलतं. शिवाय जे ऑटिस्टिक लोक मोठेपणीही अगदी मोजके शब्द बोलतात किंवा टॅबवर टाइप करून बोलतात त्यांच्याबद्दल हे उत्तर नाहीये, ते काम वेगळं असतं. इथे मी फक्त तुमच्या दिरासारख्या, वाक्यं बोलणाऱ्या माणसांबद्दल लिहितेय.

तर मला वाटतं तुमच्या घरात 'ग्रामर' या एका शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या जातायत. एक म्हणजे भाषेची बांधणीच खरंच कच्ची असणं. दुसरी म्हणजे व्याकरण बरोबर, पण ते वेगळ्या ठिकाणचं, म्हणजे पुस्तकी. आणि तिसरी म्हणजे वाक्य बरोबर, पण समोरच्याला काय माहीत आहे आणि काय नाही याचा अंदाज वेगळा. तिन्हींचा उपाय वेगळा आहे, आणि एकीला तर उपायाची गरजच नाहीये. म्हणून आधी वेगवेगळं करूया.

क्लासमध्ये सांगितलं ते खरंय, पण अर्धंच. कँटोनीजमध्ये क्रियापदाला शेपट्या लागत नाहीत हे बरोबर, आपल्यासारखं गेला, गेली, गेले, गेलं नाही. पण व्याकरण म्हणजे फक्त शेपट्या नाहीत. कँटोनीजचं व्याकरण बसलंय छोट्या छोट्या शब्दांत आणि शब्दांच्या क्रमात. उदाहरणार्थ 'सिक' म्हणजे खाणं. त्याला 'चो' लावलं (चाकातला च, चहातला नाही) की खाऊन झालं, 'कन' लावलं की खाणं चालू आहे, 'क्वो' लावलं की आयुष्यात कधीतरी खाल्लेलं आहे. काल, आज, उद्या हे त्यातून कळत नाही, पण क्रिया पूर्ण झाली की चालू आहे हे कळतं. तसंच मोजताना नाम नुसतं येत नाही, मधे मोजशब्द लागतो. एक कुत्रा म्हणजे 'यत चेक कउ', यातला 'चेक' प्राण्यांसाठी. पण मासा, साप, पँट, रस्ता यांना 'थिउ', कारण ते लांबट. आणि कुठलाच आठवला नाही तर 'को' असतोच, लहान मुलं सुरुवातीला सगळीकडे 'को'च लावतात. त्यातही गंमत अशी की आकडा काढून नुसतं 'चेक कउ' म्हटलं की अर्थ होतो 'तो कुत्रा', म्हणजे तुला आणि मला माहीत असलेला. आणि 'ङो चेक कउ' म्हणजे माझा कुत्रा. म्हणजे हा एवढासा शब्द मोजायलाही आहे, ओळखीचं दाखवायलाही आहे आणि मालकी दाखवायलाही आहे. त्यामुळे चुकायला जागा भरपूर आहे.

आता इथे एक अडचण आहे जी इंग्रजीवाल्या थेरपिस्टना पटकन लक्षात येत नाही. इंग्रजीत एखाद्याने भूतकाळाची खूण गाळली तर ती चूक सगळ्यांना दिसते, आणि इंग्रजी बोलणाऱ्या ऑटिस्टिक मुलांपैकी काहींमध्ये नेमकं तेच दिसतं असं संशोधनात आलेलं आहे, म्हणून तिकडे ती एक सोयीची खूण झाली. कँटोनीजमध्ये 'चो' किंवा 'कन' बऱ्याच ठिकाणी गाळलं तरी चालतं, वाक्य चुकत नाही. मग एखादा माणूस गाळतोय की त्याला जमतच नाहीये हे एका वाक्यावरून कळणारच नाही, लांब बोलणं ऐकून मोजावं लागतं. ज्यांना ऑटिझम नाही पण भाषेचीच मूळ अडचण आहे अशा कँटोनीज मुलांबद्दल २००५ मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात हेच दिसलं की ही मुलं अशा खुणा बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी वापरतात. बघा, चुकीच्या नाही, कमी. म्हणजे घरच्यांच्या कानाला ते चूक म्हणून नाही, तर 'काहीतरी कमी आहे', 'तुटक बोलतो' असं लागतं.

आणि हे ऑटिझममुळेच होतं असं मात्र अजिबात समजू नका. २०१३ मध्ये निदानाचे अमेरिकन निकष बदलले, त्यात भाषेची अडचण ही ऑटिझमच्या व्याख्येतून वेगळी काढून सोबत आहे की नाही अशी स्वतंत्र नोंद करायला सांगितलं, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. काही ऑटिस्टिक लोकांचं व्याकरण कुणाहीइतकंच पक्कं असतं, काहींना भाषेची वेगळी अडचण सोबत असते. दोघांनाही एकाच मापाने मोजलं की दोघांवरही अन्याय होतो.

तुमच्या दिराबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला पहिल्यापेक्षा दुसऱ्या गोष्टीचा वास येतोय, म्हणजे पुस्तकी भाषेचा. हाँगकाँगमध्ये २०२१ च्या जनगणनेनुसार साधारण ८८ टक्के लोकांची रोजची भाषा कँटोनीज आहे, पण शाळेत मुलं जे लिहायला वाचायला शिकतात ती प्रमाण लिखित चिनी, जिचं व्याकरण मँडरिनवर बेतलेलं. तीच पुस्तकं कँटोनीज उच्चारात मोठ्याने वाचली जातात. म्हणजे मूल बोलताना एक व्याकरण वापरतं आणि वाचताना दुसरं, दोन्ही एकाच आवाजात. 'आहे' हा बोलताना 'हय', वाचताना 'सी'. 'नाही'साठी बोलताना 'म्', वाचताना 'पत'. बघणं बोलताना 'थय', वाचताना 'होन'. तो किंवा ती बोलताना 'खॉय', वाचताना 'था'. आपल्याकडे एखाद्याने नाश्त्याच्या टेबलावर "मी अद्याप चहा घेतलेला नाही, परंतु तो घेण्याची माझी इच्छा आहे" म्हटलं तर घरचे जसे बघतील तसंच, फक्त तिथे दोन्हींमधलं अंतर आपल्या प्रमाण मराठी आणि बोली मराठीपेक्षा बरंच जास्त आहे.

आणि शब्दच नाही, क्रमही बदलतो. आता तुमचं जेवणाच्या टेबलावरचं वाक्य घ्या. 'तो माझ्यापेक्षा उंच आहे' हे घरी बोलताना म्हणतात 'खॉय कोउ क्वो ङो', म्हणजे शब्दशः 'तो उंच ओलांडून मी'. आणि पुस्तकी चिनीत होतं 'पेय ङो कोउ', 'पेक्षा मी उंच'. तुमच्या दिराने बहुतेक हे दुसरं म्हटलं असणार आणि सासूबाईंनी त्याचं पहिलं केलं असणार. आणि तुम्हाला ते पटकन कळलं याचं कारणही त्यातच आहे, कारण 'माझ्यापेक्षा' आधी आणि 'उंच' नंतर हा आपला मराठी क्रम आहे! मग याला चूक म्हणायचं का? औपचारिक बोलण्यात, बातम्यांत, तरुण लोकांच्या तोंडी हे रूप ऐकू येतं. व्याकरण बरोबर आहे, जागा वेगळी आहे, एवढंच.

असाच एक बारीक धागा म्हणजे 'मार खाल्ला' छापाची वाक्यं. बोलण्यातल्या कँटोनीजमध्ये 'त्याला मारलं गेलं' असं मोघम म्हणता येत नाही, कुणाकडून ते सांगावंच लागतं, माहीत नसेल तर निदान 'माणसाकडून' तरी घालावं लागतं, 'पेय यन ता', यातला 'यन' म्हणजे माणूस. लिखित चिनीत मात्र कुणाकडून हे गाळता येतं. त्यामुळे पुस्तकातून भाषा घेतलेला माणूस बोलताना तो 'यन' गाळतो आणि ऐकणाऱ्याला वाक्य लंगडं वाटतं. मी एखाद्याचं बोलणं लिहून काढते तेव्हा अशा जागांवर मुद्दाम खूण करते, कारण तिथे कळतं की हा माणूस व्याकरणात अडखळत नाहीये, तो दुसऱ्या वहीतलं व्याकरण वापरतोय.

ऑटिस्टिक लोकांतच हे जास्त का दिसावं? सगळ्यांत दिसत नाही हे आधी सांगते. पण ज्यांच्यात दिसतं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी मला स्वतः सांगितलंय की शाळेच्या अंगणातल्या गोंगाटात मुलं काय बोलतायत ते पकडणं अवघड जायचं, छापलेलं मात्र थांबतं, परत वाचता येतं, बातम्या देणारा माणूस एका वेळी एकटाच बोलतो आणि पूर्ण वाक्यात बोलतो. भाषा जिथे स्वच्छ मिळाली तिथून त्यांनी ती घेतली. मला हे अगदी समंजस वाटतं. आणि म्हणूनच तुम्हालाही त्याचं बोलणं कळतं, तुम्हीही भाषा पुस्तकातून आणि क्लासमधूनच शिकताय. तो बहुतेक वाक्य पूर्ण करत असेल, शब्दाच्या शेवटचे त, क, प खाऊन टाकत नसेल, मधे मधे इंग्रजी शब्द कमी टाकत असेल, आणि कँटोनीजमध्ये वाक्याच्या शेवटी जी छोटी अक्षरं लावतात ती कमी लावत असेल. शिकणाऱ्याला ही देणगीच आहे, बिनधास्त त्याच्याशी बोलून शिका.

आता त्या शेवटच्या छोट्या अक्षरांबद्दल, कारण माझ्या कामातला सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

कँटोनीजमध्ये वाक्य संपताना एखादं अक्षर लावायची पद्धत आहे, अशी तीसेक तरी अक्षरं रोजच्या वापरात आहेत आणि ती एकमेकांना जोडूनही येतात. 'खॉय म् लय' म्हणजे तो येत नाही. नुसतं एवढंच म्हटलं तर ते कोरडं, जवळजवळ तोडून टाकल्यासारखं वाटतं. त्याला खालून किंचित वर चढणारा 'वो' लावला की होतं 'तो येत नाही म्हणे', म्हणजे मला कुणीतरी सांगितलंय, जबाबदारी माझी नाही. तोच 'वो' मधल्या सपाट पट्टीत म्हटला की 'येत नाहीये बरं का', म्हणजे हे तुझ्या लक्षात आणून देतोय. उंच पट्टीतला 'मे' लावला की 'येत नाहीये की काय?', म्हणजे मला तर वाटलं होतं येणार. 'क्वा' लावलं की 'नसेल येत बहुतेक'. 'लो' लावलं की 'नाही येत, झालं, उघडच आहे'. वाक्य एकच, व्याकरण एकच, पण प्रत्येक अक्षर सांगतंय की मला हे कुठून कळलं, मला किती खात्री आहे, आणि तुला हे आधी माहीत होतं असं मी धरतोय की नाही. मराठी माणसाला हे समजायला सोपं आहे कारण आपल्याकडे म्हणे, ना, की, बरं का, हं आहेतच, आणि आपणही ते कुणाला शाळेत शिकवत नाही. पण मराठीत आपल्याकडे सूर पण मोकळा असतो, 'येत नाहीये' हेच तीन तऱ्हांनी म्हणून आपण तीन अर्थ काढू शकतो. कँटोनीजमध्ये सूर शब्दाच्या अर्थात अडकलेला, सहा सुरांवर सहा वेगळे शब्द, त्यामुळे भावनेचा बराचसा भार या शेवटच्या अक्षरांवर पडतो.

म्हणून ही अक्षरं म्हणजे व्याकरण आणि माणसामाणसातला अंदाज यांची बरोबर सीमारेषा आहे. ऑटिस्टिक माणूस ती वापरत नाही असं सरसकट विधान मी कधीच करणार नाही, मी भरपूर वापरणारे लोक बघितलेत. मला जे दिसतं ते असं की काही जण एखाददुसरं अक्षर सगळीकडे लावतात, काही जण 'वो' आणि 'मे' सारखी, म्हणजे समोरच्याच्या डोक्यात काय आहे ते धरून चालणारी अक्षरं टाळतात आणि 'आ' सारखी सुरक्षित अक्षरं ठेवतात, आणि काही जण घाईत असले की सगळीच गाळतात. मग सासूबाईंना वाटतं हा रागावलाय, किंवा उर्मट उत्तर देतोय. वाक्यात चूक कुठे आहे ते त्यांना दाखवता येत नाही, म्हणून त्या म्हणतात ग्रामर चुकतं. घरातल्या अशा तक्रारींमागे बरेचदा हेच निघतं.

सुराबद्दलही एक गैरसमज आहे, ऑटिस्टिक माणूस एकसुरी बोलतो असा. हाँगकाँगमधल्या प्रौढ ऑटिस्टिक लोकांच्या गोष्ट सांगण्याच्या नमुन्यांवर २०१६ मध्ये आलेल्या एका अभ्यासात उलटंच दिसलं, त्यांच्या आवाजाचा चढउतार इतरांपेक्षा जास्त होता. आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या टीमने इंग्रजी आणि कँटोनीज दोन्ही बोलणाऱ्यांचे आवाज मशीन लर्निंगने तपासले, तर बोलण्याची लय दोन्ही भाषांत ऑटिस्टिक आणि इतर असा फरक दाखवत होती, पण सुराचा चढउतार फक्त इंग्रजीत दाखवत होता, कँटोनीजमध्ये नाही. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले तर सुराबद्दल ते पूर्ण जुळत नाहीत, आणि म्हणूनच नुसत्या सुरावरून मी कुणाबद्दल काही ठरवत नाही. लय मात्र मी नक्की ऐकते, थांबे कुठे पडतात, अक्षरं किती सारख्या अंतराने येतात ते. बाकी शब्दाचा मूळ सूर, म्हणजे ज्याने अर्थ बदलतो तो, चांगलं बोलणाऱ्या मोठ्या माणसांत सहसा पक्का असतो, तिथे काळजी करू नका.

तिसरी गोष्ट, समोरच्याच्या माहितीचा अंदाज. कँटोनीजमध्ये कर्ता गाळायची मुभा भरपूर आहे, एकदा कुणाबद्दल बोलतोय ते ठरलं की पुढची चार वाक्यं कर्त्याशिवाय जातात. आणि 'खॉय' म्हणजे तो, ती दोन्ही. मराठीत 'गेली' म्हटलं की निदान बाई आहे हे तरी कळतं, क्रियापद सांभाळून घेतं. कँटोनीजमध्ये क्रियापद काहीच सांगत नाही, सगळा भार बोलणाऱ्यावर. एकदा एका ग्रुपमध्ये मी चित्रांवरून गोष्ट सांगायला दिली होती, मुलगा, कुत्रा आणि बेडूक असलेली. एकाने प्रत्येक वाक्यात 'तो मुलगा', 'तो कुत्रा', 'तो बेडूक' असं पूर्ण नाम घेतलं, एकदाही गाळलं नाही, गोष्ट लांबली पण कुणाचाही गोंधळ झाला नाही. त्याच्या शेजारच्याने तिघांनाही 'खॉय' म्हटलं आणि मधे मधे तेही गाळलं, आणि कोण बरणीतून पळालं, कोण खिडकीतून पडलं ते ऐकणाऱ्यांना शेवटपर्यंत कळेना. दोघांचं एकेक वाक्य तपासलं तर व्याकरणाची चूक एकही नाही. घरच्यांना पहिला माणूस 'कंटाळवाणा' वाटतो आणि दुसरा 'ग्रामर चुकणारा'. पहिल्याला मी काहीही बदलायला सांगितलं नाही. दुसऱ्याला एकच सवय दिली, की माणूस बदलला की नाव घ्यायचं, आणि ती त्याने स्वतः मागितली होती कारण कामावर फोनवर निरोप देताना घोटाळे होत होते.

मग तुमच्या दिराचं नेमकं काय, हे घरबसल्या थोडंफार कळू शकतं. त्याचे व्हॉट्सॲपचे मेसेज कसे असतात? हाँगकाँगची माणसं मेसेज पुस्तकी चिनीत नाही, बोलतात तशा कँटोनीजमध्ये टाइप करतात, ती शेवटची अक्षरंसुद्धा लिहितात. जर तो मेसेजमध्ये 'वो', 'मे', 'क्वा' योग्य जागी लिहीत असेल आणि फक्त बोलताना ती गळत असतील, तर त्याला ती येतात, प्रश्न वेळेचा आणि गोंगाटाचा आहे. मेसेजही पुस्तकी असतील तर ती त्याची भाषेची निवड किंवा सवय आहे. आणि मेसेजमध्येही मोजशब्द सगळीकडे 'को', क्रमात गोंधळ, लांब वाक्य मधेच तुटलेलं असं दिसत असेल, तर मात्र मी म्हणेन की भाषेची वेगळी अडचण सोबत आहे का ते नीट तपासून घ्या, कानांची तपासणीही त्यातच करा. मोठ्या माणसांची श्रवणतपासणी बरेचदा राहून जाते.

तपासणीला जाल तेव्हा हे लक्षात असू द्या की हाँगकाँगमध्ये कँटोनीज बोलीभाषेसाठी जी प्रमाणित टेस्ट २००६ पासून सगळ्यात जास्त वापरात आहे ती साधारण प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांसाठी बनवलेली आहे. सत्ताविशीतल्या माणसाला ती देऊन "बारा वर्षांच्या मुलाएवढी भाषा" असा शेरा कुणी दिला तर तो मनावर घेऊ नका. मोठ्या माणसासाठी बोलण्याचा नमुना घेणं हाच रस्ता, आणि तो तीन प्रकारचा हवा. मोकळ्या गप्पा, एखादी गोष्ट, आणि एखादी कृती समजावून सांगणं, उदाहरणार्थ शा टिनहून माँग कॉकला ट्रेनने कसं जायचं, किंवा चा चान तेंगमध्ये, म्हणजे हाँगकाँगच्या साध्या चहा-खाण्याच्या हॉटेलात, दुधाचा चहा कमी साखरेचा कसा मागवायचा. तिन्हींत भाषा वेगळी लागते. गप्पांमध्ये शेवटची अक्षरं दिसतात, गोष्टीत कोण कुणाला काय म्हणालं ते दिसतं, आणि कृतीत क्रियापदांची साखळी दिसते, कारण कँटोनीजमध्ये 'घे, जा, दे, बघ' अशी क्रियापदं मधे काही न घालता एकामागोमाग लावतात. माझा अनुभव असा की ज्या माणसाला गप्पांमध्ये सगळे 'तुटक' म्हणतात तोच रेल्वेचा मार्ग सांगताना अशी लांबलचक साखळी बिनचूक बोलतो की घरचे रेकॉर्डिंग ऐकून गप्प होतात. मग व्याकरण नाही असं कसं म्हणणार?

थेरपीचा उपयोग होतो का, तर होतो, पण ज्याचा प्रश्न आहे त्याने तो मांडला तर. इंटरव्ह्यू, फोन, साहेबाला 'नाही' कसं म्हणायचं, अशा नेमक्या कारणासाठी आलेल्या मोठ्या माणसांबरोबर छान काम होतं. 'मे' आणि 'क्वा' कधी लावायचं हे मी सरळ नियम म्हणून समजावते, उदाहरणं देते, त्याच्याच मेसेजमधून शोधायला लावते, आणि बहुतेकांना ते आवडतं, कारण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी न हसता कारण सांगितलेलं असतं. पण 'त्याला नॉर्मल बोलायला शिकवा' म्हणून घरच्यांनी आणलेल्या माणसाबरोबर मी पहिल्या भेटीत फक्त त्याच्याशी बोलते आणि त्याला काय हवंय ते विचारते. बऱ्याचदा उत्तर येतं की जेवताना मला मधे थांबवू नका.

आणि हे मला मनापासून सांगायचंय, मधेच वाक्य दुरुस्त करणं बंद व्हायला हवं. सासूबाईंचा हेतू वाईट नाही, त्यांना तो बाहेर हसू होऊ नये असं वाटतं, आणि त्या पिढीने मुलाला नीट बोलायला शिकवणं हीच माया मानली. पण मोठ्या माणसाला ताटावर बसून वाक्य परत म्हणायला लावलं की तो बोलणं कमी करतो, आणि कमी बोलण्याने कुणाचंही व्याकरण सुधारत नाही. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये मांडलं की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतात, ऑटिस्टिक माणसाला इतरांचं जेवढं कळत नाही तेवढंच इतरांना त्याचंही कळत नाही. तुमच्या घरात तर याचा पुरावाच आहे, तुम्हाला तो कळतो, बाकीच्यांना नाही, आणि भाषा तुम्हाला सगळ्यात कमी येते.

सासूबाईंशी तुम्ही सून म्हणून हे कसं बोलणार हा नाजूक भाग आहे, तो नवऱ्यावर सोपवा, आईला लेकानेच सांगितलेलं बरं. त्याला हे 'कोउ क्वो ङो' आणि 'पेय ङो कोउ' चं उदाहरण दाखवा, त्याला लगेच पटेल कारण शाळेत निबंध लिहिताना त्यानेही तेच दुसरं रूप लिहिलेलं आहे. आणि दीर अक्षर न लावता कोरडं 'नाही' म्हणाला की रागावला असं धरून न चालता विचारायचं, "रागावलायस की नुसतं सांगतोयस?" सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर त्याच्याकडून मिळेल. घरच्यांनीही बोलताना 'तो', 'ते', 'तिकडचं' असं मोघम न बोलता नाव घ्यावं, त्याचा फायदा घरात सगळ्यांनाच होतो, तुम्हाला तर सगळ्यात जास्त.

रेकॉर्डिंग करणार असाल किंवा मेसेज कुणा थेरपिस्टला दाखवणार असाल तर आधी त्याला विचारा, कशासाठी हवंय तेही सांगा, आणि तो नको म्हणाला तर तिथेच थांबा. हो म्हणाला तर वीसेक मिनिटांचं बोलणं पुरतं, टीव्ही बंद करून, शक्यतो तो आणि अजून एकच माणूस खोलीत असताना, आणि त्याला आवडणाऱ्या विषयावर सुरुवात करून.